महिन्याचा तक्ता आणि यंत्राच्या सूचना

सोशल मीडियावर एखाद्या ब्रँडने काय, कधी आणि कोणत्या शब्दांत मांडायचे हे आधी ठरवून ठेवणे म्हणजे पोस्टचे नियोजन. प्रत्यक्षात ते एका तक्त्यात मावते: तारीख, विषय, फोटो की रील, मजकूर, वेळ. तक्ता आखायला पाच मिनिटे पुरतात. तो भरणे मात्र जिकिरीचे. पहिल्या आठवड्यात कल्पनांची चढाओढ असते, तिसऱ्या आठवड्यात उरते ती गुलाबाच्या फोटोवर लिहिलेली 'शुभ सकाळ'. एआयची मदत घेतली जाते ती मुख्यतः या तिसऱ्या आठवड्यासाठी. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. जून २०२४ मध्ये मेटा एआय भारतात व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामच्या आतच येऊन बसले आणि ज्या दुकानदाराने वेगळे ॲप कधी उघडले नव्हते त्याच्याही हाती ही सोय आली.

दक्षिण आणि मध्य मुंबईला जाहिरातीचे नियोजन नवे नाही. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुनी भारतीय जाहिरात संस्था मानली जाते. पुढे या शहराने नियोजनाचे दोन वेगवेगळे नमुने पाहिले. एक कालनिर्णयचा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत सण, तिथी, संकष्टीचा चंद्रोदय आणि मागच्या पानावर पाककृती हे सगळे वर्षभर आधी छापून घरात पोचते. कोणत्या दिवशी घरात काय शिजणार आणि काय खरेदी होणार याचा अंदाज त्यातूनच बांधता येतो. दुसरा नमुना अमूल लोण्याच्या फलकांचा. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी १९६६ पासून कालपरवा घडलेल्या गोष्टीवर आज कोटी करते. तिचा तक्ता आधी भरताच येत नाही.

आजच्या पोस्टही याच दोन जातींच्या असतात: ठरलेल्या आणि अचानकच्या. एआयच्या सूचना पहिल्या जातीला उपयोगी पडतात, दुसऱ्या जातीपासून त्या शक्यतो लांब ठेवाव्यात. हे कशामुळे, ते या सूचना तयार कशा होतात हे पाहिल्यावर कळते.

चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांच्यामागे जे लँग्वेज मॉडेल असते त्याने प्रचंड प्रमाणात मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून ते मुळात एकच गोष्ट शिकलेले असते: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता अधिक. 'दिवाळीसाठी मिठाईच्या दुकानाच्या पाच पोस्ट सुचव' असे सांगितले की दिवाळी, मिठाई आणि पोस्ट हे शब्द जगभरच्या मजकुरात ज्या शब्दांच्या शेजारी आढळले ते शब्द ते पुढे ठेवते. पणत्या येतात, कुटुंब येते, 'गोडवा वाटूया' येते. यात चूक काही नसते. पण हाच प्रश्न दादरच्या आणि दिल्लीच्या अशा दोन दुकानदारांनी विचारला तर दोघांनाही जवळजवळ तेच उत्तर मिळते, आणि दोघांच्या पोस्ट एकाच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर एकामागून एक दिसू शकतात. सूचना ही सरासरी असते. ब्रँडला मात्र सरासरीपासून वेगळे दिसायचे असते, आणि ते वेगळेपण यंत्राला पुरवावे लागते.

लालबागच्या चिवडा गल्लीतले एक दुकान उदाहरणादाखल कल्पूया. 'आमच्या चिवड्यासाठी महिनाभराच्या पोस्ट दे' एवढेच सांगितले तर 'कुरकुरीत क्षण', 'चहासोबत चिवडा', 'तुमचा आवडता चिवडा कोणता, कमेंटमध्ये सांगा' अशी यादी येते. हीच मागणी नीट मांडली तर चित्र पालटते. दुकानात पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा आणि मक्याचा चिवडा मिळतो, सकाळचा पहिला घाणा किती वाजता निघतो, माल कढईतून काढल्यावर किती वेळ थंड केला जातो, गिऱ्हाईक सर्वांत जास्त काय विचारते (बहुधा 'तिखट आहे का?' आणि 'किती दिवस टिकेल?'), गेल्या दिवाळीत कोणता माल आधी संपला, भावाबद्दल कोणती तक्रार आली. ही दहा-बारा वाक्ये मराठीत लिहून दिली की सूचनांमध्ये पहिल्या घाण्याची रील येते, 'किती दिवस टिकेल' या प्रश्नाचे उत्तर देणारी पोस्ट येते, मक्याचा आणि पोह्यांचा चिवडा शेजारी ठेवून केलेली तुलना येते. यंत्राची अक्कल वाढलेली नसते; त्याला गल्ल्यावरची माहिती मिळालेली असते. तीस सूचनांपैकी सहा-सात वापरण्याजोग्या निघाल्या तरी काम झाले असे समजावे. उरलेल्या टाकून देताना हळहळ वाटत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. माणसाने सुचवलेली कल्पना टाकताना समोर त्याचा चेहरा असतो.

गिऱ्हाईक कोण, हेही सांगावे लागते, आणि लालबाग-परळच्या गिरणगावात या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि लालबाग-परळची असंख्य कुटुंबे कल्याण, बदलापूर, विरारच्या दिशेने पांगली. त्यांची जीभ मात्र लालबागचीच राहिली. या भागातल्या दुकानाचा सोशल मीडिया त्यामुळे पायी येणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा लांब गेलेल्या जुन्या शेजाऱ्यासाठी अधिक असतो. 'आमच्या दुकानाला आजच भेट द्या' ही यंत्राची आवडती सूचना विरारच्या माणसाला निरुपयोगी. 'रविवारी काळाचौकीत लग्नाला येणार असाल तर ऑर्डर शनिवारी टाकून ठेवा' ही त्याच्या कामाची.

सर्वांत जास्त चुका होतात त्या तारखांमध्ये, आणि तक्त्याचा कणा तारखाच असतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. म्हणून उत्तरेचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. २०२५ मध्ये उत्तरेत तो ११ जुलैला सुरू झाला, महाराष्ट्रात श्रावण २५ जुलैला. इंटरनेटवर हिंदी-इंग्रजी मजकूर जास्त, त्यामुळे यंत्राने ११ जुलै हीच तारीख पुढे करण्याची शक्यताही जास्त. आता परळच्या एखाद्या मालवणी खानावळीने ती तारीख खरी मानून १२ जुलैला 'श्रावण स्पेशल शुद्ध शाकाहारी थाळी' जाहीर केली असती तर काय झाले असते? आषाढाचे ते शेवटचे दोन आठवडे म्हणजे सामिष खाणाऱ्या मुंबईकराचा वर्षातला भरगच्च काळ. श्रावण लागणार म्हणून लोक मटण-कोंबडीवर ताव मारत असतात आणि २४ जुलैच्या गटारीला त्याचा कळस होतो. खानावळ नेमकी त्या दिवसांत वरणभाताची जाहिरात करत बसली असती. त्याच खानावळीला यंत्र जूनमध्ये 'आजच समुद्रातून आलेले ताजे पापलेट' असेही सुचवू शकते. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, हे खवय्याला ठाऊक असते, आणि तो कमेंटमध्ये विचारतोही.

अधिक मासाचे गणित आणखी फसवे. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. गेल्या वर्षीचा तक्ता यंत्राला देऊन 'यंदासाठी बदलून दे' म्हटले तर वार बदलतील, अठरा दिवसांचा फरक बदलेलच असे नाही. एकाच सणाची तारीख प्रांतानुसारही हलते: २०२५ मध्ये उत्तरेत अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला झाले, महाराष्ट्रात २१ ला. यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. सणांच्या तारखा यंत्राला विचारायच्याच नाहीत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून उतरवून त्याला द्यायच्या आणि 'याच तारखा वापर' असे बजावायचे. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १ मेचा महाराष्ट्र दिन यांची सरमिसळही या एका सवयीने टळते.

तारीख बरोबर असूनही सूचना चुकीची असू शकते, कारण बाजाराचा हंगाम पंचांगात छापलेला नसतो. मे महिन्यासाठी यंत्र हमखास मदर्स डे आणि थंड पेये सुचवते. लालबागच्या मसाला बाजारात मात्र तो बेगमीच्या मसाल्याचा काळ. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या निवडून, देठ काढून, वाळवून, भाजून डंकावर कुटून घ्यायच्या, आणि हे सगळे पावसाच्या आत. मसाल्याच्या ब्रँडसाठी एप्रिल-मेमधला प्रत्येक दिवस सण असतो, पण जगाच्या कोणत्याही 'महत्त्वाच्या दिवसांच्या' यादीत तो सापडायचा नाही. दिवाळीच्या फराळाचेही तसेच. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचे खोके दिवाळीच्या काही आठवडे आधीच निघावे लागतात, तेव्हा त्याची पोस्ट नवरात्राच्या सुमारास हवी. यंत्र ती धनत्रयोदशीला ठेवते. गणेशोत्सवात ते लालबागच्या दुकानाला 'या दहा दिवसांत खास सवलत' सुचवते. दर्शनाच्या रांगा आणि गर्दी यांमुळे नेहमीचे गिऱ्हाईक त्या दिवसांत लालबागला यायला बिचकते. त्याच्यासाठीची पोस्ट आधी, साधारण मंडळांच्या मूर्तींचे आगमन सोहळे सुरू होतात तेव्हा, जायला हवी. ते दहा दिवस रांगेतल्या पाहुण्यांचे.

या पट्ट्यात इतिहासाची चूक तर अजिबात खपत नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ चा, चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेशगल्लीचा मुंबईचा राजा १९२८ चा आणि लालबागचा राजा १९३४ चा. यंत्र यांपैकी दोघांना एक करू शकते, किंवा एकाचे वर्ष दुसऱ्याला चिकटवू शकते, आणि ते अशा ठाम सुरात की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. अशी चूक करणारी पोस्ट गणेशगल्लीत पोचायला दहा मिनिटे लागत नाहीत. दुकानाच्या स्वतःच्या इतिहासालाही हेच लागू. गिरगावात १९१० साली किराणा दुकान म्हणून सुरू झालेल्या बेडेकरांसारख्या ब्रँडचे साल, जागा, पहिला माल हे खरे भांडवल आहे. ते कागदपत्रांतून यंत्राकडे जायला हवे. यंत्राकडून कागदावर येऊ लागले की 'आजोबांनी एका छोट्याशा खोलीत पाहिलेले स्वप्न' अशी सगळ्या दुकानांना बसणारी एकच कथा तयार होते.

भाषेचा प्रश्न थोडा खोल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सव्वाआठ कोटींच्या वर आहेत, पण इंटरनेटवरचा मराठी मजकूर त्या मानाने तुटपुंजा. यंत्र मजकूर वाचताना त्याचे छोटे तुकडे पाडते. त्यांना टोकन म्हणतात. ज्या भाषेचे नमुने कमी, तिचे शब्द जास्त बारीक तुकड्यांत मोडतात. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणले तेव्हा दिलेल्या उदाहरणात एका मराठी वाक्याला पूर्वी ९६ टोकन लागत, ती संख्या ३३ वर आली. मोठी सुधारणा आहे. तरीही यंत्राची मराठी अनेकदा हिंदी किंवा इंग्रजी पोटात घेऊन येते. 'आपल्या स्वादकळ्यांना जागृत करा', 'चवीच्या प्रवासात सामील व्हा', 'परंपरा आणि आधुनिकतेचा अनोखा संगम' ही वाक्ये व्याकरणात बसतात, पण दादरच्या रानडे रोडवर ती कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही. चकली 'स्वादिष्ट' असते असे कोणती आई म्हणते? ती खुसखुशीत असते, मऊ पडते, काटेरी निघते, तेल पिते.

येथे उपयोगी पडणारी युक्ती अशी: यंत्राला आधी मजकूर लिहायला न सांगता नमुने द्यावेत. दुकानाच्या जुन्या पाच पोस्ट, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲपवरचे प्रश्न (नावे आणि नंबर काढून), मालकाने फोनवर बोलताना वापरलेली वाक्ये. मग त्याच ढंगात तीन पर्याय मागावेत, आणि टाळायच्या शब्दांची यादीही द्यावी. 'अनोखा', 'संगम', 'प्रवास', 'जादू' एवढे चार शब्द बंद केले तरी निम्मा फापटपसारा जातो. शेवटचा मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. जे वाक्य गल्ल्यावर उभे राहून म्हणायची लाज वाटेल ते पोस्टमध्येही घेऊ नये.

चित्रांबद्दल थोडक्यात सांगता येईल. यंत्राने काढलेल्या चित्रांत अनेकदा देवनागरी जोडाक्षरे मोडतात, नऊवारीचा काष्टा भलतीकडेच जातो, उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या मोमोसारख्या मुरडल्या जातात. खाण्याच्या ब्रँडने असे चित्र वापरणे मुळातच धोक्याचे, कारण गिऱ्हाईक चित्रातला पदार्थ मागते आणि तो दुकानात नसतो. मोबाइलवर काढलेला खऱ्या परातीचा फोटो बरा. यंत्राला विचारायचे ते कोन, प्रकाश आणि रीलचा क्रम. मेटाच्या माध्यमांवर एआयने घडवलेल्या चित्रांना २०२४ पासून तशी खूणही लागू शकते, आणि 'घरगुती चव' या शब्दांशेजारी ती खूण विनोदी दिसते.

एआय दुकानदाराच्या हाती देण्याचा सर्वांत गाजलेला भारतीय प्रयोग चॅटजीपीटीच्याही आधीचा, २०२१ च्या दिवाळीतला. कॅडबरी सेलिब्रेशन्ससाठी ओगिल्वी या संस्थेने शाहरुख खानची एक जाहिरात केली आणि रिफ्रेज.एआय या कंपनीच्या तंत्राने त्याचा चेहरा व आवाज असा जुळवला की छोट्या दुकानदाराला आपल्या दुकानाचे नाव शाहरुखच्या तोंडी घालता येई. त्यात कल्पना माणसांची होती, कलाकाराची परवानगी घेतलेली होती, आणि यंत्राकडे होते ते फक्त एकाच जाहिरातीच्या असंख्य आवृत्त्या काढण्याचे काम. याच कामात ते तरबेज. परवानगीशिवाय एखाद्या नटाचा आवाज किंवा मालिकेतले पात्र चिवड्याच्या रीलमध्ये आणणे मात्र कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची खात्रीशीर वाट.

दाव्यांचेही भान हवे. 'मधुमेहींसाठी उत्तम', 'कोलेस्टेरॉल घटवणारा', 'मुंबईत क्रमांक एक' ही विशेषणे यंत्र सढळ हाताने वाटते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दाव्याला आधार दाखवण्याची जबाबदारी जाहिरातदाराची. यंत्राने लिहिले होते, ही सबब चालत नाही. १९८५ पासून काम करणारी एएससीआय ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्थाही ग्राहकांच्या तक्रारी घेते. गिऱ्हाइकांच्या याद्या, पत्ते, मोबाइल नंबर यंत्रात ओतू नयेत. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि त्याआधीही तो शहाणपणा होताच.

आता अचानकच्या पोस्टकडे. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावर पोस्ट ७५ दिवस आधी वेळ लावून ठेवता येते. यंत्राने दोन तासांत तीस पोस्ट दिल्या, मालकाने त्या एका बैठकीत लावून टाकल्या, की तक्ता आपोआप चालतो, आणि धोका याच आपोआप चालण्यात असतो. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ या भागातले कोणी विसरलेले नाही. दसरा दुसऱ्या दिवशी होता. पाऊस आला आणि परळ स्थानकाला जोडणाऱ्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. अशा दिवशी आधी लावलेली 'सोने लुटा, सवलत लुटा' ही पोस्ट ठरल्या मिनिटाला झळकते. यंत्राला बातमी कळत नाही आणि कळली तरी थांबावे असे वाटत नाही. मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या असताना 'आज संध्याकाळी दादरला भेटूया' ही पोस्ट त्याच माळेतली, फक्त कमी गंभीर. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून माणसे येतात. त्या दिवशी दादरच्या दुकानाने सवलतीचा ढोल पिटू नये हे तक्त्यातच लिहून ठेवावे लागते. म्हणून लावलेल्या पोस्ट थांबवण्याचा अधिकार आणि पासवर्ड दुकानातल्या किमान दोघांकडे असावा, आणि रोज सकाळी शटर उघडतानाच त्या दिवसाची पोस्ट वाचली जावी.

शेवटी हिशेब. यंत्र स्वतःच्या सूचनांचे यश लाइक आणि रीच यांत मोजायला सुचवते, कारण ते आकडे मोबाइलवर आयते मिळतात. दुकानाला हवा असतो तो दुसरा आकडा, आणि तो विचारूनच मिळतो. गल्ल्यावर एक वही ठेवून 'कुठे पाहिलेत?' एवढा प्रश्न आठवडाभर विचारला तरी बरेच उमगते. भरपूर लाइक मिळालेली रील अनेकदा नागपूर-कोल्हापूरच्या लोकांनी पाहिलेली असते आणि एक किलोही माल हलवत नाही; व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकलेला 'आज भाजणी ताजी' हा साधा फोटो बारा वाजायच्या आत डबा रिकामा करतो. महिन्याच्या अखेरीस तक्त्यात एक रकाना वाढवून प्रत्येक पोस्टसमोर वहीतली नोंद लिहावी आणि तो भरलेला तक्ता यंत्राला द्यावा. पुढच्या महिन्याच्या सूचना मग जगाच्या मजकुराइतक्याच त्या वहीवरूनही निघू लागतात. भाजणी संपली की किती वाजता संपली, हेही त्याच रकान्यात लिहायचे.